एक्याऐंशी किलोंचा इतिहासकार

वेदिकाला आठवा महिना लागला त्या दिवशी सरिताबाईंनी मागच्या खोलीचा विषय पुन्हा काढला. हा विषय त्या घरात गेली सव्वीस वर्षं निघत होता. खोलीतून मात्र काहीही निघत नव्हतं.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं," त्या म्हणाल्या. "पोरगी महिन्याभरात येतेय. तिला झोपवायचं कुठं? विहिरींच्या इतिहासावर?"

प्राध्यापक गोरक्ष थेटे यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "खंड पहिला का दुसरा?"

सरांचा हा प्रश्न प्रामाणिक होता. खंड दुसरा खरोखरच पलंगाएवढा उंच रचलेला होता.

थेटे सरांनी चौतीस वर्षं नाशिकच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि त्या काळात व नंतर मिळून एक्केचाळीस पुस्तकं लिहिली. इतर इतिहासकार एखादा कालखंड धरतात आणि त्यातच म्हातारे होतात. सरांनी स्वतःला असं बांधून घेतलं नाही. 'नाशिक जिल्ह्यातील आटलेल्या विहिरी' हा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ. त्यानंतर 'वणी ते कळवण : मैलाच्या दगडांची साक्ष'. मग 'मालेगावच्या सायकली व समाज'. मध्येच मन हळवं झालं तेव्हा 'ताम्रपटाआडची ती' ही कादंबरी झाली, नातेवाइकांत लहान मुलं वाढली तेव्हा 'चला मुलांनो, दानपत्र वाचू या' झालं, आणि रक्तातली साखर वाढली तेव्हा 'इतिहासातील मधुमेह' झालं. कवितासंग्रहही एक होता. त्यातल्या कवितांपेक्षा तळटीपा मोठ्या होत्या.

यातलं कुठलंही पुस्तक कुणी मागितलं, तर सर खेदाने मान हलवत आणि म्हणत, "आवृत्ती संपली." हे खोटं नव्हतं. आवृत्ती छापखान्यातून संपलेली असे. तिथून ती टेम्पोने निघून मागच्या खोलीत येई. खोलीच्या दाराला पडदा लावलेला होता, कारण दार लावता येईल अशी परिस्थिती राहिलेली नव्हती. सर कुठल्याही समारंभाला जाताना तिथून दोन-चार प्रती उचलत, 'सप्रेम भेट' लिहून खाली लफ्फेदार सही करत आणि यजमानांच्या हातात ठेवत. त्यामुळे खोलीतला साठा हळूहळू कमी होत होता आणि सरांना येणारी आमंत्रणं जरा जास्त वेगाने.

तीन वर्षांपूर्वी सरिताबाईंनी एका दुपारी रद्दीवाल्याला बोलावलं होतं. त्याने पडदा बाजूला करून एक नजर टाकली आणि म्हणाला, "साडेसातशे किलो तरी भरंल, ताई." सरांच्या समग्र साहित्याचं आजवर झालेलं हे एकमेव मूल्यमापन. पण सर तेवढ्यात बाहेरून आले आणि उंबऱ्यात आडवे झाले. त्यांना ओलांडून रद्दी नेणं त्या माणसाला बरं वाटेना.

तर आठव्या महिन्याच्या त्या दिवशी, खंड कुठला यावर चर्चा चालू असतानाच झुंबरशेठ निमसे आले.

झुंबरशेठचा कांद्याचा व्यापार होता आणि एक पेट्रोलपंप होता. शिवाय ते 'इतिहासप्रेमी नागरिक मंच' या संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांचं इतिहासावर प्रेम बसलं ते सरांनी 'निमसे घराण्याची बखर' लिहून दिली तेव्हापासून. ही बखर यादवांच्या काळात सुरू होते आणि झुंबरशेठच्या पेट्रोलपंपापाशी येऊन थांबते. मधल्या सातशे वर्षांचे पुरावे मिळाले नाहीत, असं सरांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केलेलं आहे.

"सर, तुमची पंच्याहत्तरी आली," झुंबरशेठ खुर्चीत बसत म्हणाले. "मंचानं ठरवलंय, सत्कार करायचा. आता शाल-श्रीफळानं तर कोणाचाबी करत्यात. आपण तुला करू."

"गुळाची नको," सर म्हणाले. "मला डॉक्टरांनी..."

"गूळ नाय हो. ग्रंथतुला. एका पारड्यात तुम्ही, दुसऱ्या पारड्यात पुस्तकं. आन तीबी दुसऱ्या कोणाची नाय, तुमचीच. स्वतःच्या पुस्तकांनी स्वतःची तुला. आख्ख्या नाशकात झाली नसंल. मग ती पुस्तकं जिल्ह्यातल्या वाचनालयांना देऊन टाकायची."

स्वयंपाकघरात पीठ चाळण्याचा आवाज थांबला. सरिताबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात चहा होता आणि सोबत काजूची बशी होती. झुंबरशेठना या घरात काजू पहिल्यांदाच मिळत होते.

"देऊन टाकायची म्हणजे, पुन्हा इथं येणार नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"छ्या. परत कशाला येतील, वहिनी? सरांचं वजन किती?"

"एक्याऐंशी," सरिताबाई म्हणाल्या. "पण वाढवता येईल. अजून वेळ आहे."

त्यांनी मनात हिशेब केला होता. एक्याऐंशी किलो गेले तर निदान एक कॉट आणि पाळणा मावेल एवढी जागा होईल. सरिताबाईंना लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच नवऱ्याचं वजन कमी वाटलं.

"मग पुस्तकांचं कसं करायचं?" झुंबरशेठनी विचारलं.

"ती काय, इथं आतच..." सरिताबाईंनी पडद्याकडे हात केला.

"आवृत्त्या संपल्यात," सर म्हणाले.

ते असं का म्हणाले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. जिभेला चाळीस वर्षांची सवय होती. झुंबरशेठ भारावले.

"एक्केचाळीसच्या एक्केचाळीस?"

"वाचकांनी नेल्या," सर म्हणाले. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"मग प्रश्न मिटला," झुंबरशेठ म्हणाले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "वाचकांकडूनच मागवू."

चहा संपेपर्यंत निवेदन तयार झालं आणि जिल्ह्यातल्या सत्तावन्न व्हॉट्सअॅप गटांवर गेलंसुद्धा. 'इतिहासमहर्षी प्रा. गोरक्ष थेटे सर यांच्या ग्रंथतुलेसाठी, आपल्या संग्रही असलेले सरांचे ग्रंथ पुढील पत्त्यावर आणून द्यावेत. ग्रंथ परत मिळणार नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी.' पत्ता सरांच्या घराचा होता, कारण सरांची पुस्तकं सरांइतकी कोण जपणार, असं झुंबरशेठचं म्हणणं पडलं.

ते गेल्यावर सरिताबाई नवऱ्यासमोर बसल्या. "खरं सांगायला काय झालं होतं?"

"अगं, चाळीस वर्षांची प्रतिष्ठा आहे माझी."

"माहितीये. आत आहे. साडेसातशे किलो."

"तू ऐक तर. निवेदन वाचून दोन-चार लोक येतील. दहा-पंधरा किलो जमतील. उरलेली पासष्ट किलो आपण गुपचूप आतली घालू. कुणाला कळतंय?"

योजना वाईट नव्हती. तिच्यात एकच चूक होती. निवेदनातलं शेवटचं वाक्य लोकांनी किती मनापासून वाचलंय, याचा सरांना अंदाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, दुधाच्या आधी, हर्षल आला. हा सरांचा जुना विद्यार्थी, आता इंदिरानगरला विम्याचं काम करत होता. त्याच्या स्कूटरच्या पुढे एक पिशवी होती आणि मागे एक खोकं बांधलेलं होतं.

"सर, हे लग्नात दिलं होतं तुम्ही," तो एकेक पुस्तक काढत म्हणाला. "हे वास्तुशांतीला. हे मैलाचे दगड, वडील गेले तेव्हा. आणि हे 'इतिहासातील मधुमेह', पोराच्या बारशाला."

"जड जातंय ना द्यायला?" सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जातंय सर," हर्षल म्हणाला. "पण कार्य मोठं आहे. परत नाही ना मिळणार, सर? निवेदनात तसं होतं म्हणून विचारतो."

"नाही रे, आता नाही मिळणार."

"बघा म्हणजे," हर्षल म्हणाला आणि रिकामं खोकंही तिथंच ठेवून गेला.

नऊ वाजेपर्यंत फाटकापाशी रांग होती. सिडकोतून लोक आले, पंचवटीतून आले, ओझरहून एक जण रजा टाकून आला. ज्यांनी कधी सरांना फोन केला नव्हता ते विचारत होते, रविवारी चालू असतं का. कळवणकडच्या एका वाचनालयाने दोन गोण्या एसटीने पाठवल्या. सोबत ग्रंथपालांचं पत्र होतं. 'सर्व प्रती उत्तम स्थितीत आहेत. आजवर एकही प्रत कोणी बाहेर नेलेली नसल्याने हाताळणीने खराब होण्याचा प्रश्न आलेला नाही.' मालेगावहून यंत्रमागवाले एक गृहस्थ मुद्दाम आले आणि 'सायकली व समाज'च्या सहा प्रती टेबलावर ठेवून त्यांनी खुर्चीत अंग टाकलं.

"तुमनी सही शे ना सर त्यावर," ते घाम पुसत म्हणाले, "म्हणून टाकताबी येईना. आठ वर्सं झाली. आज बरं वाटलं."

"वाचलंत का पण?" सरांनी उत्सुकतेने विचारलं.

गृहस्थांनी पाणी मागितलं.

सरांनी या सगळ्याचा लावलेला अर्थ इतिहासकाराला शोभेल असाच होता. पुरावा समोर होता आणि निष्कर्ष आधीच ठरलेला होता. "बघितलंस?" ते रात्री जेवताना म्हणाले. "घरातली पुस्तकं काढून देताहेत लोक. केवढा त्याग आहे हा."

"त्यागच आहे," सरिताबाई म्हणाल्या. त्या ताट मांडीवर घेऊन जेवत होत्या, कारण जेवणाच्या टेबलावर विहिरींचे दोन्ही खंड आले होते.

दहाव्या दिवशी त्यांनी त्या जुन्या रद्दीवाल्याला पुन्हा बोलावलं. काही द्यायला नव्हे, फक्त अंदाज घ्यायला. तो आधी मागच्या खोलीत डोकावला, मग हॉलमध्ये, मग जिन्याखाली.

"हजाराच्या वर गेलं, ताई," तो गंभीरपणे म्हणाला. "साहेबांनी लिहायचं थांबवलं नाय का?"

संध्याकाळी वेदिकाचा फोन आला. "आई, खोलीचं काही झालं का गं?"

"खोलीचं झालं," सरिताबाई म्हणाल्या. "आता हॉलचंही झालंय. तू ये, बघू. तुझ्या बाबांची तुला होतेय, त्यात एक्याऐंशी जातील. उरलेल्या नऊशेतिसात तू, मी आणि बाळ."

वेदिका हळूच म्हणाली, "आई, मी सासरीच राहू का?"

सरिताबाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी झुंबरशेठच्या ड्रायव्हरला फोन लावून कांद्याचा टेम्पो मोकळा कधी असतो ते विचारून घेतलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा सर शेरवानीची बटणं लावत होते. चार हमाल हॉलमधली पुस्तकं नेत होते. ती संपल्यावर ते मागच्या खोलीत शिरले.

"अगं, आतली कुठं नेतेस?" सर घाबरून म्हणाले. "लोक म्हणतील, आवृत्त्या संपल्या नव्हत्या."

"लोक म्हणतील, वाचकांनी आणली. लोकांकडची कुठली आणि आपल्याकडची कुठली, हे कुणाला ओळखू येणार आहे? दोन्ही कोरीच आहेत, आणि आतली सही बघायला पुस्तक कोण उघडणार?"

सरांनी शेरवानीचं शेवटचं बटण लावलं. खोली रिकामी झाली तेव्हा मागच्या भिंतीला एक खिडकी निघाली. ती आहे, हे दोघंही विसरले होते.

सभागृहात रंगमंचावर पंचवटीतल्या एका लाकडाच्या वखारीतून आणलेला भलामोठा तराजू टांगलेला होता. त्याच्या मागे पुस्तकांचा ढीग होता. निवेदिका संजना हिने त्याला 'वाचकांच्या प्रेमाचा सह्याद्री' असं म्हटलं. त्यातल्या निम्म्या गठ्ठ्यांना छापखान्याची सुतळी तशीच होती. सरांनी ती पाहिली आणि नजर प्रेक्षकांकडे वळवली. प्रेक्षकांत त्यांना हर्षल दिसला, कळवणचे ग्रंथपाल दिसले, मालेगावचे गृहस्थ दिसले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. असं समाधान सरांनी आपल्या एकाही व्याख्यानात पाहिलं नव्हतं.

सर पारड्यात मांडी घालून बसले. दुसऱ्या पारड्यात गठ्ठे पडू लागले. विहिरींचे खंड पडले, सायकली पडल्या, ताम्रपटाआडची ती पडली. मधुमेहाच्या दोन गठ्ठ्यांनी काटा मध्यावर आला. टाळ्या झाल्या. एक्याऐंशी किलो पुस्तकं वाचनालयांना अर्पण केल्याचं जाहीर झालं. ती स्वीकारायला वाचनालयांचे जे प्रतिनिधी मंचावर आले, त्यांपैकी तिघांनी तीच पुस्तकं मागच्या आठवड्यात गोणीत भरून पाठवली होती. त्यांचं समाधान तेवढ्यापुरतं मावळलं.

"आन ही बाकीची," झुंबरशेठ माईकवर म्हणाले, "मंचाच्या वतीनं वाजतगाजत सरांच्या घरी पोचवू."

सरिताबाईंची नुकतीच ओटी भरून झाली होती. त्या नारळासकट उठल्या. "मला दोन मिनिटं बोलायचंय."

त्या कधी बोलत नसत, म्हणून झुंबरशेठनी माईक लगेच पुढे केला.

"यांचा सत्कार झाला, आनंद वाटला," सरिताबाई म्हणाल्या. "पण मला एक गोष्ट खटकतेय. हे लिहीत राहिले ते कुणाच्या जोरावर? मंचाच्या. झुंबरशेठ आहेत, कार्यकारिणीचे अकरा जण आहेत. या लोकांनी इतिहासासाठी काय काय केलंय, ते कधी मोजलंच गेलं नाही. एकट्या यांची तुला करायची आणि यांना नुसतं खुर्चीवर बसवायचं, हे बरं दिसत नाही. तराजू इथंच आहे, पुस्तकं इथंच आहेत. ज्याचं जेवढं भरेल तेवढे ग्रंथ त्याने मान म्हणून घरी न्यावेत. माझी एवढीच विनंती आहे."

"नको, नको," झुंबरशेठ म्हणाले आणि त्यांनी चपला काढल्या.

"पहिले सचिव," कुणीतरी म्हणालं. सचिव नको नको म्हणत पारड्यात बसले. त्यांचे शहात्तर भरले. सहसचिव त्र्याऐंशी भरले, तेव्हा सचिव आपण मघाशी चष्मा आणि मोबाइल बाहेर ठेवला होता, याकडे लक्ष वेधू लागले. खजिनदार अंगाने किरकोळ. त्यांनी आपला नंबर येईपर्यंत पाण्याच्या दोन बाटल्या संपवल्या आणि शाल, श्रीफळ, हार व बायकोची पर्स घेऊन ते पारड्यात बसले. त्यांचे फोटो काढण्यासाठी त्यांची सगळी मुलं पुढे आली. उपाध्यक्षांनी वर्षभर पाळलेलं पथ्य किती चुकीचं होतं, हे त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेतून त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या. नाशिकच्या एवढ्या प्रतिष्ठित मंडळींना आपलं वजन कमी भरल्याचं दुःख होताना यापूर्वी कोणत्याही दवाखान्याने पाहिलं नसेल.

सर्वांत शेवटी झुंबरशेठ बसले. तराजूची साखळी कुरकुरली. गठ्ठे पडत राहिले. शंभर झाले, एकशे दहा झाले. तराजूमागचा सह्याद्री दिसेनासा झाला. एकशे अठराला काटा मध्यावर आला, तेव्हा खाली फक्त सात पुस्तकं उरली होती. ती संजनाला भेट देण्यात आली. ती "सर, माझ्याकडे हे आहे ऑलरेडी," असं म्हणाली तेव्हा माईक चालू होता.

घरी आल्यावर सरिताबाईंनी मागची खोली फिनेलने तीनदा पुसली. खिडकीला पडदा शिवला, कॉट टाकली, छताच्या कडीला पाळणा टांगला. वेदिका शुक्रवारी आली आणि दारातच थांबली. "आपल्याकडे ही खोली होती?" तिने विचारलं.

सर मात्र त्या रिकाम्या खोलीच्या बाहेर येरझाऱ्या घालत होते. आपले ग्रंथ आज शहरातल्या बारा मान्यवरांच्या घरी आहेत, हे त्यांना मान्य होतं. पण सकाळी उठून पडदा बाजूला करून बघायला काही उरलं नव्हतं. त्यांनी दोनदा पाळण्यात डोकावून पाहिलं.

हे दुःख पाच दिवस टिकलं. सहाव्या दिवसापासून फोन यायला लागले.

झालं असं, की पारड्यात बसलेल्या झुंबरशेठचा फोटो वर्तमानपत्रात आला. महापालिकेच्या निवडणुका जवळ आल्या होत्या. निमसेंची तुला होते तर आपली का नाही, असा प्रश्न वॉर्डावॉर्डात पडला. गूळ, साखर, लाडू यांच्या तुला कालच्या झाल्या होत्या. पुस्तकांच्या तुलेत माणूस एकदम विचारवंत दिसत होता. झुंबरशेठनी आपली एकशे अठरा किलो पुस्तकं सगळ्यांना उदारपणे देऊ केली, पण कुणी घेईना. एकाच्या तुलेतली पुस्तकं दुसऱ्याच्या पारड्यात चालत नाहीत, ती उष्टी होतात, असं एका भावी नगरसेवकाच्या आईने सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. नवी कोरी छापूनच घ्यायला हवी होती.

"सर, अठ्ठ्याण्णव किलोची एक आहे, एकशे चारची एक," झुंबरशेठ फोनवर सांगत होते. "आन सातपूरकडचे एक हायेत, ते सव्वाशे म्हणत्यात, पण मला वाटतं एकशे चाळीसचा माल ठेवावा. एकूण नऊशे किलो छापायला टाका."

"कोणत्या विषयावरचं हवंय?" सरांनी पेन उघडत विचारलं.

"विषय कंचाबी चालंल, सर. कागद जाड घ्या."

सरांच्या आयुष्यातली ही पहिली दुसरी आवृत्ती. ते अंबडच्या छापखान्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसू लागले. पुठ्ठा बांधणी ठरली. विहिरींच्या खंडांना नकाशांची पुरवणी जोडली, म्हणजे प्रत्येकी दीडशे ग्रॅम वाढणार होते. आणि शनिवारी दुपारी ते मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. वेदिका कॉटवर पडली होती. सरिताबाई तिच्या पायांना तेल लावत होत्या.

"वेदू," सर म्हणाले, "डॉक्टरांनी तारीख कितीची दिलीय?"

"एकोणीस."

"पक्की आहे का? म्हणजे पुढंमागं होते ना?"

"बाबा, ते काय प्रकाशन आहे का?"

"तसं नाही गं. सोमवारी टेम्पो येतोय. नऊशे किलो. आठ-दहा दिवसांचाच प्रश्न आहे, मग ते लोक घेऊन जातील. तेवढं जर पुढं गेलं असतं..."

सरिताबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. त्यांनी हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "येऊ दे टेम्पो."

सोमवारी सर टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून घरी आले. फाटकातून आत पाहिलं तर व्हरांड्यात त्यांची गादी होती, उशी होती, शबनम होती आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी होती. त्यांच्या झोपायच्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला होता. बाकी खोली रिकामी होती.

"माल इथं उतरवा," सरिताबाई हमालांना म्हणाल्या. "छतापर्यंत लावा. मागच्या खोलीकडे कुणी जायचं नाही, पोरगी झोपलीय."

"आणि आपण?" सरांनी विचारलं.

"मी वेदिकाजवळ झोपते. तुम्ही बाहेर. तुमच्या पुस्तकांना तुमच्याइतकं कोण जपणार?"

सर त्या दिवसापासून व्हरांड्यात झोपू लागले. डास होते, पण ताज्या शाईचा वासही येत होता, आणि सरांची एकूण तक्रार नव्हती.

वेदिकाने बाबांची विनंती मानली नाही. एकोणीसच्या ऐवजी ती सतरालाच मोकळी झाली. मुलगी झाली. चौथ्या दिवशी माय-लेकी घरी आल्या, ओवाळून झालं, आणि बाळ पाळण्यात झोपलं. सर दारात घुटमळले, मग चपला बाहेर काढून आत आले. ते बराच वेळ पाळण्यापाशी उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"वजन किती म्हणाले?" त्यांनी हळूच विचारलं.

"तीन किलो दोनशे."

सर घसा साफ करून म्हणाले, "सरिता, मी काय म्हणतो, बारशाला हिची छोटीशी तुला करू या का? घरगुती."

वेदिकाने डोळे मिटून घेतले.

"करू या की," सरिताबाई म्हणाल्या. "बर्फीने."

"बर्फी संपून जाते गं."

"म्हणूनच," सरिताबाई म्हणाल्या आणि पाळण्याला झोका दिला.